अडीच हात पाण्यातला बीएस्सी

विज्ञान शाखेची पदवी घेऊन मी देवणीला परत आलो आणि त्याच फाल्गुनात आमच्या गल्लीची विहीर जांभळी झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे, हे सुरुवातीलाच कबूल करतो. गल्लीने ते ताबडतोब ओळखलं होतं. मलाच जरा उशीर लागला.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. आधी अर्ज घेऊन उस्मानाबादला जावं लागायचं, आता लातूरला जावं लागे. पाऊस दोन्हीकडे नव्हता. आमच्या समोर राहणारी म्हातारी काशव्वा म्हणायची, "जिल्हा जवळ आला, आन् पाणी लांब गेलं." देवणी अजून तालुक्याचं गाव झालं नव्हतं, पण आम्ही त्याला शहरच म्हणायचो. (दोन चहाची हॉटेलं आणि एक पिठाची गिरणी. अजून काय लागतं?) टँकर तीन दिवसांनी यायचा. तो आला की एरवी 'या, बसा' म्हणणाऱ्या बायका एकमेकींच्या घागरींचा उद्धार करायच्या.

गल्लीत मी पहिला पदवीधर. नुसता घरातला नव्हे, सगळ्या गल्लीतला! माझे अप्पा आडतीवर मापाडी. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिलेली, पण पोतं पाठीवर घेतलं की अर्ध्या किलोचा फरक त्यांना कळायचा. लातूरला शिकत होतो तेव्हा माझा डबा रोज एस.टी.ने यायचा आणि तो एकट्या आमच्या घरचा नसायचा. आठवड्यातले दोन दिवस अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी करायची. बाकीच्या दिवसांची पाळी गल्लीने वाटून घेतली होती. मंगळवारी काशव्वाचं पिठलं, शुक्रवारी चाँदपाशाच्या घरची अंबाडीची भाजी. तीन वर्षं मी या गल्लीचं खाल्लं. त्यामुळे आता गल्लीसाठी काहीतरी करायचं, आणि तेही वैज्ञानिक पद्धतीने, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. गल्लीला याची काहीच कल्पना नव्हती, बिचारी!

गल्लीच्या मधोमध एक जुनी विहीर होती. चाळीस फूट खोल, आणि निम्मी गाळाने भरलेली. महाशिवरात्रीचा उपास सुटला त्या सकाळी गल्लीने तिचा गाळ काढायला घेतला. घरटी एक माणूस. चाँदपाशा खाली उतरायचा, कारण विहिरीत उतरणं हा त्याचा धंदाच होता. वर दोरखंड ओढायला आम्ही. गाळ वाहून न्यायला बसवणप्पांची बैलजोडी. देवणी जातीचे ते बैल, पांढऱ्यावर काळे ठिपके, आणि बसवणप्पांना आपल्या थोरल्या मुलापेक्षा प्रिय. (हे थोरल्या मुलानेच मला सांगितलं.)

माझ्याकडे लेखी काम होतं. मी बसवणप्पांच्या भिंतीवर गेरूने हातभर अक्षरांत लिहिलं, 'रंग टाळा, पाणी वाचवा!' आणि नव्या जिल्ह्याला एक अर्ज लिहिला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'आमच्या गल्लीने यंदाच्या रंगपंचमीस रंगाचा एक थेंबही न सांडण्याचा दृढनिश्चय केला असून स्वच्छ विहिरीचे जलपूजन त्याच दिवशी योजिले आहे.' अर्जात विहिरीला रहाट आणि वरून लोखंडी जाळी मागितली होती. उत्तर आलं, पाणीपुरवठ्याचे साहेब पंचमीला अकरा वाजता स्वतः पाहणी करतील. पाणी पिण्यालायक दिसलं तर रहाट आणि जाळी मंजूर.

अप्पांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि विहिरीजवळच्या पारावर जाऊन जाहीर केलं, "पंचमीला समद्यांनी ह्या हिरीचं पाणी प्यायचं. औषध-बिषध माझं पोरगं बघून घेईल. शब्द देतो!"

झालं. अप्पांचा शब्द गेला.

पंचमीच्या आदल्या दिवशी गाळ संपला. तळातून झरे लागले, पाणी हळूहळू साचू लागलं. आता राहिलं ते औषध. विहिरीत टाकायचं ते लाल औषध (पुस्तकात त्याला पोटॅशियम परमँगनेट म्हणतात) सगळ्यांच्या ओळखीचं. दवाखान्यातला माणूस दरवर्षी यायचा, चिमूट-दोन चिमूट बादलीत विरघळवायचा, विहिरीत सोडायचा, वाकून बघायचा आणि म्हणायचा, "झालं गुलाबीसर. बस्स."

गुलाबीसर! हे काय शास्त्र झालं? मी वहीतलं सूत्र काढलं. वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. विहिरीचा व्यास मी स्वतः दोरीने मोजला. खोली सगळ्या गल्लीला तोंडपाठ, चाळीस फूट. दोन कागद भरून गुणाकार केले, ताळा घेतला, उत्तर दोन्ही वेळेला तेच आलं. उदगीरहून तेवढं औषध आणलं. दिवेलागणीला काठावर उभा राहून ते विरघळवू लागलो, तर अप्पा जवळ आले.

"लई वाटतंय रे ह्ये."

"अप्पा, हिशेबाने आहे."

"हाव, पर पाणी किती हाय त्ये बघितलंस का?"

"अप्पा," मी समजुतीच्या सुरात म्हणालो, (तो सूर आठवला की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात) "याला सूत्र असतं."

अप्पा बाजूला सरले. सूत्रापुढे ते नेहमीच बाजूला सरायचे. मी बादली सोडली, आणि गल्लीचे उपकार डोळ्यांपुढे येऊन वर आणखी एक मूठ टाकली. ती मूठ कृतज्ञतेची होती. सूत्रात तिला जागा नव्हती.

पंचमीला अव्वा तांबडं फुटायच्या आत उठली. पहिली घागर भरायचा मान आपल्याच घराला, कारण पोरगं शास्त्रज्ञ! अंधारात तिने दोन घागरी आणल्या. एका घागरीच्या पाण्यात अप्पांचं ठेवणीतलं धोतर भिजत घातलं, साहेबांपुढे स्वच्छ दिसायला. दुसरीतल्या पाण्याचा चहा टाकला. चहा मुळातच तपकिरी असतो, त्यामुळे पहिला पुरावा आम्ही तिघांनी बशीत ओतून पिऊन टाकला.

"अव्वा, चव जरा लोखंडासारखी लागते."

"नव्या पाण्याची आसंल. पी गुमान."

(कोणाला काही झालं नाही. अप्पा पुढे चाळीस वर्षं जगले. अव्वा तर अजून मला गुमान पी म्हणते.)

मग उजाडलं, आणि काशव्वाची किंकाळी आली.

"आगं बया! हिरीत कुणी रंग कालिवला गंऽऽ!"

सगळी गल्ली धावली. काशव्वाच्या बादलीत जांभूळ पिळावं तसं पाणी. खाली विहिरीत वांग्याच्या सालीसारखा, गर्द, चकाकणारा गोल. आणि आज पंचमी! प्रत्येकाने आपापल्या पोराचा कान धरला. निरपराध पोरं रडू लागली.

इथे माझ्या आयुष्यातलं सर्वांत जोरकस भाषण झालं. मी पारावर चढलो.

"तीन आठवडे!" मी ओरडलो. "तीन आठवडे आपण घाम गाळला! आणि एका नालायकाने, एका मूर्खाने, आपल्या तोंडचं पाणी पळवलं! त्याला जरा तरी लाज? ज्या गल्लीचं खाल्लं त्या गल्लीच्या पाण्यात..."

"हाव! हाव!" गल्ली म्हणाली.

"तो जो कोणी असेल त्याने समोर यावं!"

कोणी समोर आलं नाही. मी तर आधीच समोर होतो.

चाँदपाशाने बादलीत हात घातला, बाहेर काढला, उन्हात धरला. बोटं तपकिरी पडायला लागली होती. त्याने वास घेतला आणि माझ्याकडे बघत शांतपणे विचारलं, "बीएस्सी, कल शाम को दवा कित्ता डाला रे तू?"

"हिशेबाने," मी म्हणालो. आवाज अर्धा झाला होता.

"किस का हिसाब?"

"विहिरीचा. चाळीस फूट..."

"चालीस फूट तो है. पानी कित्ता था? मैं नीचे खडा था तो मेरे कमर से जरा ऊपर था, भाई!"

अप्पा घरात गेले, कपडे वाळत घालायची लांब काठी आणली, तिला दोरी बांधून विहिरीत सोडली, वर काढली आणि ओल्या भागावर हात ठेवून मोजलं. एक हात, दोन हात, अर्धा.

"अडीच हात," अप्पा म्हणाले.

मी चाळीस फूट पाण्याचं औषध अडीच हात पाण्यात टाकलं होतं. दुष्काळात! ज्या दुष्काळासाठी गाळ काढला तो दुष्काळच मी हिशेबात धरायला विसरलो होतो. आणि वर ती मूठ.

पारावरून उतरताना पायरी सापडेना. मग काशव्वा म्हणाली, "म्हंजे नालायक घावला म्हणायचा."

या सगळ्यात नऊ वाजून गेले होते. साहेब अकराला येणार. रहाट गेला, जाळी गेली. पण मला दिसत होता तो अप्पांचा पारावरचा शब्द. आयुष्यभर ज्या माणसाचं माप कधी कोणी फेरमोजणीला लावलं नाही, त्याचं माप आज माझ्यामुळे खोटं पडणार होतं.

"अप्पा," मी हळूच म्हणालो, "मांडवाचं कापड टाकून विहीर झाकू. वर फुलं ठेवू. साहेबांना टँकरचं पाणी देऊ प्यायला."

तेवढ्यात अव्वाने आतून धोतर आणलं. पांढरंशुभ्र धोतर आता कुठे गुलाबी, कुठे गवती चहाच्या काढ्यासारखं झालं होतं. अप्पांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि तिथल्या तिथे नेसले.

"काय बी झाकायचं न्हाई," ते म्हणाले. "उपसा. समदं पाणी उपसा. झरं जित्तं हायेत, नवं पाणी येईल."

"उपसून टाकायचं? दुष्काळात?" बसवणप्पा कळवळले.

"टाकायचं कशापायी? जनावराचे खूर धुवाया ह्येच औषध देतेत दवाखान्यात. तुमची जोडी आना."

चार दोर लागले. पहिली बादली वर आली तशी अप्पा सवयीने म्हणाले, "लाभ!" मापाडी लोक पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, तीन, चार. जांभळ्या पाण्याच्या बादलीला लाभ म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. गल्लीतही कोणीतरी फिसकन हसलं, आणि तिथून सगळं बिघडलं, किंवा सुधारलं म्हणा.

दोर ओढताना बादल्या हिंदकळत होत्या. बसवणप्पांच्या बैलांच्या पायांवर पाणी ओतता ओतता ते पोटापर्यंत गेलं, आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेले बैल गुलाबीवर काळे ठिपके असलेले झाले. बसवणप्पा त्यांच्याकडे बघत म्हणाले, "आता बाजारात इचारतील, ह्यी कोणची जात? काय सांगू? बीएस्सी?" आणि त्यांनी, माझ्या वडिलांच्या वयाच्या त्या माणसाने, भरलेला तांब्या माझ्या डोक्यावर रिकामा केला.

तोच इशारा ठरला. सकाळी विनाकारण कान पिळले गेलेली सगळी पोरं माझ्यावर तुटून पडली. मग पोरांनी पोरांवर, बायकांनी नणंदांवर, काशव्वाने सगळ्यांवर! दोन वर्षं गल्लीत पंचमीला पाण्याचा थेंब उडाला नव्हता. त्या दिवशी उडाला. मी मधोमध उभा होतो, हात जोडून, नखशिखांत जांभळा, आणि माझ्या मागे भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'रंग टाळा, पाणी वाचवा!'

नेमकी तेव्हा जीप आली.

साहेब उतरले. पांढरा सफारी, पांढरे बूट. त्यांनी गल्लीकडे पाहिलं. गल्लीने त्यांच्याकडे पाहिलं. गुलाबी बैलाने शेपटी हलवली, आणि साहेबांच्या सफारीवर पाच-सहा थेंब गेले. साहेबांनी खिशातून माझा अर्ज काढला आणि मोठ्याने वाचला, "'रंगाचा एक थेंबही न सांडण्याचा दृढनिश्चय केला असून...'" मग अर्जाच्या वरून नजर टाकून विचारलं, "हा दृढनिश्चय कोणाचा?"

मी पुढे झालो. सगळं सांगितलं. सूत्र, चाळीस फूट, अडीच हात, मूठ. मूठ सांगताना रडू आलं. डोळे पुसले तर तोंडावर तपकिरी पट्टे उठले, असं नंतर कळलं.

साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही पदवीधर आहात."

"हो, साहेब."

"दिसतंच आहे."

तेव्हा अप्पा पुढे आले. ते डागाळलेलं धोतर नेसलेले, हातात ती काठी. आडतीवर मोठ्या व्यापाऱ्यापुढेही मान खाली घालून उभं राहणारे माझे अप्पा साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "साहेब, गणित बराबर हाय पोराचं. दोनदा ताळा घेतलाय त्यानं, म्या बघितलंय. हीर भरल्याली आसती तर थेंबाचा फरक पडला नसता. हीरच रिकामी हाय, त्याला त्यो काय करील?"

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. आधी वाटलं शिंकतायत. मग खांदे हलायला लागले. बऱ्याच वेळाने रुमाल काढून त्यांनी विहिरीत डोकावलं आणि गंभीरपणे म्हणाले, "विहीर निर्जंतुक आहे, याबद्दल मात्र कोणालाच शंका घेता येणार नाही." मग बूट काढले, बाह्या वर केल्या आणि चौथ्या दोराला हात घातला. अप्पांनी आकडा न चुकवता पुढचं माप म्हटलं.

दुपार कलली तेव्हा तळ लागला. चाँदपाशा पुन्हा खाली उतरला, राहिलेला राडा काढायला. बराच वेळ पहारीचा ठणठणाट ऐकू आला, आणि मग तो ओरडला, "अब्बेऽऽ! इधर कोने में पत्थर के नीचे एक झरा दबा है! पानी था तो दिखाइच नै!" दगड सरकला. खालून बुडबुड आवाज आला. वर काठावर चाळीस माणसं श्वास रोखून पालथी पडली होती; सगळी जांभळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी काठी बुडवली. चार हात! रंग अगदी फिकट, दवाखान्यातल्या माणसाच्या 'गुलाबीसर'हूनही फिकट. तिसऱ्या दिवशी पाणी काचेसारखं. अप्पांनी पहिली बादली ओढली, लाभ म्हणाले, आणि पहिला तांब्या मला दिला. सगळी गल्ली बघत होती. मी प्यायलो. मंगळवारच्या पिठल्यासारखं, शुक्रवारच्या भाजीसारखंच ते मला फुकट मिळालं होतं, हे मला घोटागणिक कळत होतं. मग अप्पा प्यायले. मग सगळे. अप्पांचा शब्द दोन दिवस उशिरा, पण पुरा पडला. साहेबांनी अर्ज मंजूर केला; रहाट पाडव्याच्या आत आला, जाळी वैशाखात.

काशव्वाने गावभर सांगितलं, "पोरानं मुद्दाम केलं. न्हाईतर हीर कोण उपसतंय, आन् झरा कोणाला घावतोय? शिकल्यालं पोरगं हाय!" मी तिला दोनदा खरं सांगायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा म्हणाली, "गप ऱ्हा. तुला काय कळतंय?"

पुढे मी शिक्षक झालो. जिल्ह्यातल्या चार गावांत घनफळ शिकवलं. फळ्यावर सूत्र लिहून झालं की मी मुलांना सांगायचो, यातली उंची पुस्तकातली घ्यायची नाही, काठी बुडवून घ्यायची, आणि त्याआधी घरी वडिलांना विचारून यायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे? मी म्हणालो, अप्पांच्या.

त्या धोतराचे डाग कशानेच निघाले नाहीत. अव्वाने खार लावून पाहिलं, रिठ्याने पाहिलं, शेवटी त्याचा एक चौकोन फाडून त्यात माझं पदवीचं प्रमाणपत्र गुंडाळून पेटीत ठेवलं. मुलाखतीला निघालो की मी पेटी उघडायचो, आणि प्रत्येक वेळी आधी ते तपकिरी डागांचं फडकं सोडायला लागायचं, मग आतली पदवी. एकदा मी म्हणालो, "अव्वा, याला दुसरं चांगलं कापड बघ की." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पदवी बाहेर काढायच्या आधी पाणी किती हाय त्ये आठवंल तुला."

परवा नातवाने ते फडकं पाहून विचारलं, "आजोबा, हे डाग कसले?"

मी म्हणालो, "बाळा, ही खरी पदवी. आतला नुसता कागद आहे."